२१ जूनला देवांची रात्र सुरू होते, म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: पंचांगात २१ जूनला दक्षिणायनारंभ असतो, पण कर्क संक्रांत येते १६ जुलैच्या आसपास. स्नान-दान कधी करायचं? आणि उत्तरायण म्हणजे देवांचा दिवस, दक्षिणायन म्हणजे रात्र असं मानतात; मग वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी देवांची रात्र सुरू होते, याची संगती कशी लावायची?

प्रतिसाद १: तारखा दोन्ही बरोबर आहेत. सूर्य खरोखर दक्षिणेकडे वळतो तो सायन (संपातबिंदूपासून राशी मोजणाऱ्या पद्धतीच्या) कर्कप्रवेशाला, २१ जूनला. निरयन राशी ताऱ्यांना बांधलेल्या, आणि संपातबिंदू (दिवस-रात्र समान असतानाचं सूर्याचं स्थान) मागे सरकल्याने आज सुमारे २४ अंशांचं अंतर पडलंय. म्हणून पंचवीसेक दिवसांचा फरक. संक्रांतीचं स्नान-दान बहुतेक घरांत निरयन तारखेलाच होतं. हमखास चूक होते ती पुण्यकाळात, म्हणजे स्नान-दानाच्या वेळेत. मकरेचा पुण्यकाळ संक्रमणानंतर ४० घटिका, कर्केचा मात्र आधी ३० घटिका, म्हणजे १२ तास. संक्रमण दुपारी तीनला असेल तर तीनच्या आत उरकायचं. रात्री असेल तर सहसा आधीचाच दिवस.

प्रतिसाद २: संगतीची शंका अगदी रास्त आहे. देव मेरूवर, म्हणजे उत्तर ध्रुवावर राहतात असं धरलं, तर त्यांना सूर्य वसंतसंपातापासून शरदसंपातापर्यंत दिसतो. म्हणजे २१ जूनला त्यांची रात्र नव्हे, ऐन दुपार! भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी'च्या (११५०) गोलाध्यायात हे सोडवलंय: सूर्य दिवसाच्या दिशेने निघाला की संहिताकार (फलज्योतिषाचे ग्रंथकार) त्याला दिवस म्हणतात, रात्रीकडे वळला की रात्र, तेही फळ सांगण्यापुरतं. या दिवसाचं मर्म मला यातच दिसतं. अंधार पडायची वाट न बघता, भर उजेडातच आवरायला घ्यायचं.

प्रश्नकर्ता: पण गीतेत (८.२५) दक्षिणायनात गेलेला परत येतो, म्हणजे पुन्हा जन्मतो, असं आहे. घरात कुणी वयस्कर आजारी असलं की लोक धास्तावतात.

प्रतिसाद २: धास्ती मुळीच नको. ब्रह्मसूत्र ४.२.२० पाहा, 'अतश्चायनेऽपि दक्षिणे': ज्ञानी दक्षिणायनात गेला तरी ज्ञानाचं फळ त्याला मिळतंच. शंकराचार्य गीतेतल्या 'षण्मासा'चा (दक्षिणायनाच्या सहा महिन्यांचा) अर्थही त्या मार्गाची देवता असा घेतात. आणि हा काळ सरसकट वर्ज्य नाही. मुंजीला उत्तरायण सांगितलंय, पण भैरव, नरसिंह, महिषासुरमर्दिनी यांची प्रतिष्ठा दक्षिणायनात चालते.

प्रतिसाद ३: हे वळण डोळ्यांनी बघता येतं. सपाट गच्चीवर १ मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. पुण्यात १२:३६ला, मुंबईत १२:४०ला, नागपुरात १२:१५ला सावली पाहा. एरवी माध्यान्हीला उत्तरेकडे पडणारी सावली दक्षिणेकडे गेलेली दिसेल, पुण्यात साडेआठ सेंटिमीटर, नागपुरात जेमतेम चार. काठी एक अंश कलली तरी पावणेदोन सेंटिमीटरची चूक होते, म्हणून ओळंबा हवाच. त्या दिवशी आभाळ भरलेलं असेल तर आठवडाभर आधी किंवा नंतर करा. सावलीत अर्ध्या सेंटिमीटरचाही फरक पडत नाही, इतका सूर्य त्या दिवसांत थबकलेला असतो.