ठेकेदार राजीनाम्यावर सही मागतोय, सही केली तर ईएसआयचे बेकारीचे पैसे मिळतील का?

हिंगोलीकर_फिटर

नमस्कार मंडळी. मी मूळ हिंगोली जिल्ह्यातला, आयटीआय फिटर, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला होतो, दोन वर्षांच्या वर झाले. ऑगस्टच्या शेवटी शिफ्ट सुटताना सुपरवायझरने आमच्या लाईनच्या पोरांना बाजूला घेतलं आन सांगितलं की ऑर्डर कमी झाल्यात, उद्यापासून येऊ नका, लागलं तर फोन करू. लेखी काही नाही. गेटपास तिथंच काढून घेतले.

आता ठेकेदाराच्या ऑफिसमधून रोज फोन येतोय, राजीनाम्यावर सही करून जा, त्याशिवाय शेवटच्या महिन्याचा पगार निघणार नाही. मी राजीनामा दिलाच नाही तर सही कशाची करू? पण पगार तर पाहिजे, रूमचं भाडं द्यायचंय, मेसवाल्याचं थकलंय, गावाकडं पैसे पाठवायचे राहिलेत.

पगार १६ हजार होता, पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा), पीटी (व्यवसाय कर) कापून हातात पावणेचौदा. एका मित्राने सांगितलं की ईएसआय कापत असेल तर नोकरी गेल्यावर तीन महिने पैसे मिळतात. दुसरा म्हणतो असलं काही नसतं, ते परदेशात असतं. खरं काय आहे कुणाला माहिती असेल तर सांगा. आणखी एक, आईची शुगर बीपीची औषधं माझ्या ईएसआयवर मिळत होती, ती आता बंद होणार का?

काम शोधणं चालूच आहे, कुरुळी, महाळुंगे, निघोजे सगळीकडं गेटवर जाऊन बायोडाटा देऊन आलो, सिक्युरिटीवाला आत पण जाऊ देत नाही. कन्सल्टन्सीवाले आधी पैसे भर म्हणतात. घरी अजून सांगितलेलं नाही.

पीएफ_ईएसआय_क्लार्क

सगळ्यात आधी, त्या राजीनाम्यावर सही करू नकोस. बाकीचं सगळं नंतर वाच.

मी भोसरीला एका वर्कशॉपमध्ये पीएफ ईएसआयचं चलन भरायचं काम करतो त्यामुळे हे रोजचं आहे. तुझा मित्र बरोबर बोलतोय. योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासून आहे. सुरुवातीला रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के मिळायचे, कोरोनात २४ मार्च २०२० पासून ते ५० टक्के केले. जास्तीत जास्त ९० दिवसांचे मिळतात आणि आयुष्यात एकदाच. ही योजना मुदत वाढवत वाढवत चालू ठेवलेली आहे, त्यामुळे ईएसआयच्या शाखा कार्यालयात गेल्यावर सध्याची मुदत कधीपर्यंत आहे ते पहिलं विचार.

अटी अशा की विमा असलेली नोकरी किमान दोन वर्षांची पाहिजे. ईएसआयमध्ये वर्षाचे दोन भाग असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या भागात किमान ७८ दिवसांची वर्गणी पाहिजे आणि दोन वर्षांतल्या बाकीच्या तीन भागांपैकी कुठल्याही एकात ७८ दिवस. तू सलग काम केलं असशील तर ७८ च्या खूप वर जातोस. नोकरी गेल्यापासून ३० दिवस झाले की अर्ज करता येतो.

पैसे किती ते पण सांगतो. चारही भागांची एकूण कमाई घेतात आणि ७३० ने भागतात. १६ हजाराने दोन वर्षांचे होतात ३ लाख ८४ हजार, भागिले ७३० म्हणजे ५२६ रुपये रोज, त्याचे अर्धे २६३, गुणिले ९० म्हणजे साडेतेवीस हजाराच्या आसपास. सुरुवातीला पगार कमी असेल तर तेवढं कमी होईल.

आता राजीनाम्याचं. स्वतःहून नोकरी सोडली, गैरवर्तनावरून काढलं, किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली तर ही मदत मिळत नाही. म्हणून ठेकेदार सही मागतोय ती तुझ्याविरुद्धच वापरली जाऊ शकते. त्याला योजना माहीत असेल नसेल, त्याला मुख्य म्हणजे उद्या तू नुकसानभरपाई मागू नयेस एवढं पाहिजे, पण त्यात तुझे हे पण पैसे जातात.

आईच्या औषधांचं टेन्शन घेऊ नको. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो आणि त्याआधीच्या ऑक्टोबर ते मार्चवर जुलै ते डिसेंबरचा. म्हणजे तुझं कार्ड पुढच्या जूनपर्यंत चालायला पाहिजे. दवाखान्यात कुणी नोकरी गेली म्हणून नाही म्हणालं तर हे त्यांना सांग.

एकच गोष्ट चेक कर, तुझा आयपी नंबर, म्हणजे ईएसआयचा विमा नंबर, एकच आहे ना? ठेकेदार सात आठ महिन्यांनी ब्रेक देतात आणि परत घेताना नवीनच नंबर काढतात, मग दोन वर्षं कागदावर दिसतच नाहीत.

वाळूजचा_पोरगा

तुला निदान ईएसआय तरी होतं भावा. मी नीम (सरकारमान्य शिकाऊ योजना) ट्रेनी म्हणून लागलो होतो, काम तेच, मशीन तीच, शिफ्ट तीच, शेजारी उभा असलेला पर्मनंट माणूस चौपट पगार घ्यायचा आणि आम्ही कागदावर शिकाऊ. शिकाऊ असल्यामुळे पगार नाही स्टायपेंड, आणि स्टायपेंड म्हटलं की पीएफ नाही ईएसआय नाही ग्रॅच्युईटी नाही, ट्रेनिंग संपलं की नमस्कार. आमच्यासाठी ही अटल योजना वगैरे काहीच नाही कारण आमची वर्गणीच कुणी भरली नाही. फॅक्टरीत उभं राहून माल काढणारे हजारो पोरं आज कामगारच नाहीत सरकारच्या हिशोबात, यावर कुणी बोलत नाही याचा मला फार राग येतो.

त्यामुळे माझं म्हणणं, अर्ज कर पण त्याच्या भरोशावर बसू नको. महास्वयम या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवर नाव टाक, जिल्हा कौशल्य विकास केंद्राचे रोजगार मेळावे असतात तिथं जा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआयवाल्याला महिना ८ हजार मिळतात असं कुणी सांगेल तर नीट विचार करून जा, ते पण प्रशिक्षणच आहे. आधी सहा महिन्यांचं होतं, मग वाढवून ११ केलं, पण पुढं कायम करण्याची हमी नाही. मी आता ट्रेनी हा शब्द दिसला की फॉर्मच भरत नाही. फिटरचं काम येतं तुला, कामगार म्हणूनच लाग, पगार हजाराने कमी असला तरी चालेल पण पीएफ ईएसआय असलेलं बघ.

पिंपरीची_माई

वाळूजच्या दादांचं पटतं पण साडेतेवीस हजारांना कमी लेखू नका. माझ्या मिस्टरांची नोकरी लॉकडाऊनमध्ये गेली, आम्हाला हे पैसे मिळाले होते. त्या पैशांवर आमचं भाडं निघालं आणि घर सोडून गावी जावं लागलं नाही. इथं राहिलो म्हणून नंतर त्यांना परत काम मिळालं, गावी गेलो असतो तर तिथून रोज गेटवर कोण येणार होतं.

आमच्याकडे अडचण आली ती नावाची. आधारवर वडलांचं नाव मधे होतं, बँकेत नव्हतं, ईएसआयमध्ये स्पेलिंगच वेगळं. तीन ठिकाणी तीन नावं. ते सगळं सरळ करेपर्यंत जीव गेला, म्हणून तुम्ही महिना पूर्ण व्हायची वाट बघत असाल तर तेवढ्यात आधार, बँक पासबुक आणि ईएसआयचं नाव जुळवून घ्या, मोबाईल नंबर पण चालू असलेला लावा. अर्ज ऑनलाईन करता येतो, ठेकेदाराकडून सही शिक्का आणायची गरज राहिलेली नाही, ही अट २०२० मध्येच काढली, नाहीतर कुणी दिलीच नसती.

कन्सल्टन्सीवाल्याला एक रुपया देऊ नका. आमच्या शेजारच्या मुलाकडून युनिफॉर्म आणि डिपॉझिट म्हणून घेतले आणि ज्या कंपनीचं पत्र दिलं त्या गेटवर असं नावच कुणाला माहीत नव्हतं.

आणि दादा घरी सांगा. आमचे मिस्टर पंधरा दिवस डबा घेऊन बाहेर पडत होते आणि बागेत बसून यायचे, मला नंतर कळलं तेव्हा नोकरी गेल्याचं दुःख कमी आणि त्यांनी एकट्याने ते सहन केलं याचं जास्त झालं. हे पैसे कुणी भीक म्हणून देत नाही, दर महिन्याला तुमच्या पगारातून कापलेत. मागायला लाज वाटायचं कारण नाही.

जुना_युनियनवाला

माई बरोबर बोलल्या. १६ हजारावर तुझे महिन्याला १२० रुपये आणि मालकाचे ५२० जातात ईएसआयला, पाऊण टक्का तुझा आणि सव्वातीन टक्के त्यांचे. हक्काचा विमा आहे तो.

बाळा, पगार अडवायचा त्याला अधिकार नाही. कामावरून काढलं असो किंवा माणसाने स्वतः सोडलं असो, शेवटचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असा कायदा आहे. राजीनाम्याशी पगाराचा काही संबंध नाही. आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीला तो द्यावा लागतो, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात लिहिलेलं होतं आणि आता नवीन कामगार संहितेत पण तसंच आहे. त्यामुळे अर्ज लिही साध्या मराठीत, अमुक तारखेला तोंडी कामावरून कमी केलं, मी राजीनामा दिलेला नाही, माझा पगार आणि देणी द्या. एक प्रत ठेकेदाराला, एक कंपनीच्या एचआरला, एक पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात. रजिस्टर पोस्टाने पाठव, पावती जपून ठेव. हा कागदच तुला उद्या ईएसआयमध्ये पण उपयोगी पडेल की स्वतःहून सोडलं नव्हतं.

शिवाय वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार नुकसानभरपाई. तुमच्या लाईनचे सगळे मिळून अर्ज द्या. एकट्याला ठेकेदार फोनवर दम देतो, दहा जणांना देत नाही.

माझे वडील लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते, आणि त्यानंतर आमच्या चाळीत बेकारीचा भत्ता ही गोष्ट कुणी ऐकलेली पण नव्हती. भांडी विकली लोकांनी. शहरातल्या कामगाराला नोकरी गेल्यावर ईएसआयमधून काहीतरी मिळायची सुरुवात झाली ती १ एप्रिल २००५ ला, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. ती कारखाना बंद पडला किंवा कायदेशीर कपात झाली तर लागू होते, त्यात मुदत २४ महिन्यांपर्यंत आहे, पण तोंडी घालवून दिलेल्या कंत्राटी माणसाला ती कपात सिद्ध करणंच अवघड जातं.

आणखी एक सांगतो, तुझ्या पगारातून पीटी म्हणून महिना २०० रुपये जातात, फेब्रुवारीत ३००. हा व्यवसाय कर महाराष्ट्राने १९७५ ला आणला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची ही योजना राज्यभर गेली, मागेल त्याला काम, १९७७ ला त्याचा कायदा झाला. शहरात नोकरी करणाऱ्याने कर द्यायचा आणि खेड्यातल्या बेकाराला काम मिळायचं, फार मोठा विचार होता तो. पण तोच नोकरदार शहरात बेकार झाला तर त्याच्यासाठी मागेल त्याला काम नाही. हिंगोलीतून चाकणला आलेला पोरगा कर भरतो आणि नोकरी गेली की त्याच्या हातात काय, तर गेटवर बायोडाटा. शहरासाठी पण हमी पाहिजे ही मागणी आपण लावून धरली पाहिजे, मी बैठकीत हे दर वेळी बोलतो.

हिंगोलीकर_फिटर

सगळ्यांचे खूप आभार. खरंच एवढं कुणी सांगितलं नव्हतं. लाईनवरच्या पोरांचा ग्रुप आहे त्यावर सगळं टाकलं, दोघांनी सही करून टाकलेली निघाली, त्यांचं काय करायचं काका? बाकीचे अर्जाला तयार आहेत. आयपी नंबर पण बघितला, दोन निघाले. मधे एकदा ब्रेक दिला होता तेव्हा नवीन काढलेला दिसतोय.

आणि पीएफचं विचारायचं होतं, काढून घेऊ का सगळा? ठेकेदार म्हणतो मी एक्झिट डेटच टाकणार नाही, बघ कसा काढतो.

पीएफ_ईएसआय_क्लार्क

दोन नंबरचं शाखा कार्यालयात लेखी दे, दोन्ही नंबर, आधार आणि जुन्या नंबरची पगारपत्रकं असतील ती जोड, दोन्ही सेवा एकत्र धरायला सांग. हे ३० दिवस भरायच्या आधीच कर, नाहीतर दोन वर्षं भरली नाहीत म्हणून अर्ज तिथंच अडकेल. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तो पण दोन नाहीत ना ते बघ.

एक्झिट डेटसाठी (नोकरी सोडल्याची तारीख) ठेकेदाराच्या पाया पडायची गरज नाही. शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाले की यूएएन पोर्टलवर मार्क एक्झिट असतं, आधारच्या ओटीपीवर तुझी तूच तारीख टाकू शकतोस. पण कारण विचारतं तिथं घाईत काहीही निवडू नकोस, एकदा टाकलेली तारीख आणि कारण बदलायला फार त्रास होतो.

सगळा पीएफ काढू नको. लागतील तेवढेच काढ, आणि पेन्शनचा हिस्सा तर अजिबात हलवू नको. मालकाच्या १२ टक्क्यांमधले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात आणि दहा वर्षं सेवा झाली की पेन्शनचा हक्क येतो. नवीन नोकरी लागली की त्याच यूएएनवर लाग, जुनी वर्षं मोजली जातील.

जुना_युनियनवाला

ज्या दोघांनी सही केली त्यांनी लगेच पत्र द्यावं की पगार अडवून सही घेतली, मर्जीने राजीनामा दिलेला नाही. फोनवरचे मेसेज असतील तर त्याचे स्क्रीनशॉट ठेवा. जितका उशीर तितकं ते पत्र कमजोर, त्यामुळे उद्याच पोस्टात टाका. आणि अर्जाचा मसुदा इथं टाक, मी रात्री बघून दुरुस्त करून देतो.