मदत हवी आहे : हळदीतील कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य लिपिड (मेदरेणूंच्या) पटलात नेमके कोठे बसते, हे एफटीआयआरवरून (अवरक्त किरणांच्या वर्णपटावरून) कसे ठरवावे?

नमस्कार. मी चिकोडी तालुक्यातील असून रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.चा प्रकल्प करीत आहे. मार्गदर्शकांशी बोलणे कन्नडमध्ये आणि अहवाल इंग्रजीत, त्यामुळे मराठीत मांडताना एखादा शब्द चुकल्यास सांभाळून घ्यावे. आमच्या भागातील हळद सांगलीच्या बाजारात जाते, म्हणून विषयही कर्क्युमिनचाच निघाला. (घरचे 'हळद कधी लागणार?' असे विचारतात, तेव्हा मी पिवळी बोटे दाखवतो.)

डीपीपीसी या लिपिडच्या लायपोसोममध्ये (पाण्यातील सूक्ष्म पोकळ पिशव्यांमध्ये) १० मोल टक्के कर्क्युमिन घालून एटीआरवर (नमुना स्फटिकावर ठेवून अवरक्त वर्णपट घेण्याच्या जोडणीवर) २५ ते ५५ अंश सेल्सिअसपर्यंत वर्णपट घेतो. आधी डीएमपीसी हे दुसरे लिपिड घेतले होते. पण त्याचे संक्रमण (घट्ट पटल सैल होणे) सुमारे २४ अंशांना होते आणि एप्रिलात आमच्या प्रयोगशाळेतील नळाचे पाणीच त्याहून गरम असते.

नुसत्या डीपीपीसीमध्ये मेथिलिन (CH2) गटांचा सममित पट्टा २८५० प्रति सेंमीच्या (तरंगांक; पुढील पट्ट्यांचे आकडेही याच एककात) आसपास असतो आणि ४१ अंशांच्या सुमारास लिपिडच्या लांब मेद-साखळ्या सैल पडल्या की २८५३ च्या पुढे सरकतो. कर्क्युमिन घातल्यावर ही उडी ३८ अंशांनाच सुरू होते व चढही सौम्य होतो. येथपर्यंत अर्थ लागतो. अडचण आहे ती लिपिडच्या एस्टर कार्बोनिलच्या (C=O गटाच्या) १७३५ च्या पट्ट्यात. त्यात मुक्त गटांचा १७४२ आणि हायड्रोजन बंधातील गटांचा १७२८ असे दोन घटक असतात, आणि माझ्या नमुन्यात १७२८ ची बाजू फुगते. हा बंध कर्क्युमिनच्या फिनॉलचा (OH गटाचा) मानावा, की पटल सैल झाल्यामुळे आत शिरलेल्या पाण्याचा? शिवाय पाण्याचा १६४५ चा पट्टा वजा करताना थोडे कमीजास्त झाले तरी हाच भाग बदलतो. जड पाणी (D2O) घेतले तर कार्बोनिल स्वच्छ दिसतो, परंतु जड पाण्याचा १२१० चा पट्टा लिपिडच्या फॉस्फेटच्या पट्ट्यावर चढतो. आमचा फॉस्फेट बफरही (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) १०८० जवळ आड येतो.

प्रतिसाद :
कर्क्युमिन कशात विरघळवून घातले, हे आपण लिहिलेले नाही. पहिली शंका तेथेच घ्यावी. इथेनॉल असेल तर तेही संक्रमणाचे तापमान हलवू शकते, म्हणून तेवढेच इथेनॉल असलेले कर्क्युमिनविरहित लायपोसोम तुलनेला हवेत. त्याहून बरे म्हणजे लिपिड आणि कर्क्युमिन दोन्ही क्लोरोफॉर्ममध्ये एकत्र करून पापुद्रा सुकवावा आणि ५० अंशांवर पाणी द्यावे. फॉस्फेट बफर सोडाच. ७.२ सामूला आणि ३७ अंशांना त्यात कर्क्युमिनचा बहुतांश भाग अर्ध्या तासात विघटित होतो. लिपिडमध्ये कर्क्युमिन अधिक टिकते, तरी ५५ अंशांपर्यंत जाताना उरलेले किती, हे तपासावे लागेल. कार्बोनिलसाठी जड पाणी आणि फॉस्फेटसाठी साधे पाणी, असे दोन वेगळे संच करावेत. मुख्य म्हणजे तुलना २५ अंशांवर करावी. तेथे २८५० चा पट्टा दोन्ही नमुन्यांत जागेवरच असताना १७२८ ची बाजू फुगलेली राहिली, तर ती साखळ्या वितळल्यामुळे आली असे म्हणता येणार नाही.

धागाकर्ता :
आभारी आहे. इथेनॉलच वापरले होते आणि तसा तुलना-नमुना घेतलेला नाही, त्यामुळे ३८ अंशांचा आकडाही तूर्त बाजूला ठेवतो. पापुद्रा रात्रभर निर्वातात सुकवण्याची सोय आमच्याकडे नाही. बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापूर परिसरात कोणाकडे असल्यास कृपया येथेच कळवावे.