बॅटरी ब्लॉकमधली ऊर्जा आकड्यात दाखवायची की ब्लॉकच्या अंगावर?

राजेंद्रनगर_मॉडर

माइनक्राफ्ट या खेळासाठी मॉड (खेळात नवी भर घालणारे प्रोग्रॅम) लिहिणाऱ्या आणि खेळणाऱ्या सगळ्या इंदूरकरांसाठी हा धागा काढतोय. माझं मत ठाम आहे, पण विरोध ऐकायची तयारी आहे.

मी फोर्ज १.२०.१ साठी (फोर्ज म्हणजे मॉड चालवणारा पाया, १.२०.१ ही खेळाची आवृत्ती) एक बॅटरी ब्लॉक बनवलाय. क्षमता १,००,००० एफई, म्हणजे फोर्ज एनर्जी, मॉडमधलं ऊर्जेचं माप. मागच्या रविवारी आम्ही चौघं घरच्या सर्व्हरवर खेळत होतो आणि खाणीचं यंत्र मध्येच बंद पडलं. सहा बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या, सहाही सारख्याच करड्या. एकेकीवर राइट क्लिक करायचं, खिडकी उघडायची, बघायचं, एस्केप दाबायचं, मग पुढची. चौथीपर्यंत सगळ्या भरलेल्या, पाचवी आणि सहावी कोरड्या. मधली केबल कोणाच्या तरी कुदळीने तुटली होती. केबल जोडायला दोन सेकंद लागले, शोधायला वीस मिनिटं.

म्हणून माझं म्हणणं: ऊर्जा साठवणाऱ्या कुठल्याही ब्लॉकवर नुसती नजर रोखली की पूर्ण आकडा दिसलाच पाहिजे. '६३,४०० / १,००,००० एफई', असा. द वन प्रोब किंवा जेडसारखे मॉड समोरच्या ब्लॉकची माहिती पडद्यावर एका चौकटीत दाखवतात, फक्त आपल्या ब्लॉकने ऊर्जेची कॅपॅबिलिटी, म्हणजे दुसऱ्या मॉडना ऊर्जा विचारता येईल अशी सोय, नीट उघडी ठेवायला हवी. यात एक खोच आहे. मी ती फक्त मागच्या बाजूने दिली होती, कारण केबल तिथेच लागते. बाजू न सांगता कोणी विचारलं तर माझा ब्लॉक रिकामं उत्तर द्यायचा, आणि नजरेच्या चौकटीत ब्लॉकच्या नावाशिवाय काही उमटायचं नाही. बाजू नसतानाही वाचनापुरतं उत्तर द्यायला लावलं आणि पट्टी आली.

ज्या मॉडमध्ये ही सोय नाही तो अर्धवट आहे, असं मी मानतो.

सुदामानगर१५

दादा, मला हे अजिबात पटलं नाही.

आमच्या घरी नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. गच्चीवरच्या टाकीला बाहेरून एक पारदर्शक नळी लावलीय. आजी खाली अंगणात उभी राहून नळीकडे बघते आणि सांगते, 'आज कपडे धुवू नका.' तिला लिटर माहीत नाहीत आणि लागतही नाहीत. ब्लॉक असाच असावा. अंगावर एक खाच, ती खालून वर भरत जाते. लांबून, चालता चालता, सहाच्या सहा बॅटऱ्या एका नजरेत दिसतात. तुझ्या पद्धतीने एकेकीवर नेम धरावाच लागतो, म्हणजे सहा क्लिकच्या जागी सहा वेळा मान वळवायची.

आणि आकडे सगळीकडे तरंगायला लागले की खेळ खेळासारखा राहत नाही. भट्टी पेटली की तोंडाशी ज्वाळा दिसते, त्यासाठी कोणी टक्केवारी लिहीत नाही. मूळ खेळाची ही भाषा आहे, मॉडनेही तीच बोलावी.

शिवाय द वन प्रोब प्रत्येकाकडे असेलच असं नाही. काही सर्व्हरवर तो असतो, पण हातात प्रोब घेतल्याशिवाय काही दाखवू नये अशी त्याची सेटिंग ठेवलेली असते. मग तुझा ब्लॉक पुन्हा करडा.

राजेंद्रनगर_मॉडर

नळीचं उदाहरण चांगलं आहे, पण आजीला त्या टाकीचा वीस वर्षांचा सराव आहे. नवीन मुलगा माझा ब्लॉक पहिल्यांदा बघतोय. खाच अर्धी भरलीय म्हणजे किती? दहा हजार की दहा लाख? त्याच्या यंत्राला एका कामाला ४,००० एफई लागतात, तर त्या अर्ध्या खाचेत किती कामं होतील, हे नळी सांगत नाही.

सर्व्हर_सांभाळतो

दोघंही एक गोष्ट गृहीत धरताय: की ऊर्जा खेळाडूच्या संगणकाला माहीत असते. ती नसते. ब्लॉक एंटिटीमधला (ब्लॉकची माहिती साठवणाऱ्या भागातला) आकडा सर्व्हरवर असतो, आणि तुम्ही पाठवाल तेवढंच खेळाडूकडे पोहोचतं.

मी पंधरा-वीस मुलांचा सर्व्हर चालवतो. एका मॉडमध्ये प्रत्येक बॅटरी दर टिकला, म्हणजे खेळाच्या घड्याळाच्या दर ठोक्याला, आपला आकडा आजूबाजूच्या सगळ्या खेळाडूंना पाठवत होती. सेकंदाला २० टिक. एकाने तळघरात ६० बॅटऱ्या लावल्या, म्हणजे सेकंदाला १,२०० निरोप, आणि तेही जवळ असलेल्या प्रत्येक खेळाडूला. तळघराशेजारी राहणाऱ्या मुलीला दार उघडायला थांबावं लागायचं.

या हिशेबात नजरेची चौकट स्वस्त पडते. तुम्ही ज्या एका ब्लॉककडे बघताय तेवढ्याचीच विचारणा होते. सुदामानगर, तुझी खाच महाग पडू शकते. ब्लॉकस्टेटने (ब्लॉकची ठरलेली रूपं बदलून) करणार असशील तर पायरी बदलली की खेळाडूकडे तो १६×१६×१६ चा अख्खा तुकडा नव्याने रचला जातो. पायऱ्या सहाच ठेव, शंभर नको. आणि पायरीच्या सीमेवर थोडी ढील ठेव. ५० टक्क्यांना वर चढली तर ४७ च्या खाली गेल्याशिवाय उतरवू नकोस. नाहीतर यंत्र थोडं खातं, सोलर थोडं भरतं, आणि ब्लॉक रात्रभर लुकलुकत राहतो.

कोडमध्ये ब्लॉक बदलताना झेंडा (फ्लॅग, म्हणजे कोणाला कळवायचं ते सांगणारा आकडा) २ दे, ३ नको. ३ दिलास तर शेजाऱ्यांनाही उठवतोस, आणि केबलवाले मॉड प्रत्येक वेळी आपलं जाळं पुन्हा मोजत बसतात.

रामबागची_काकू

मी मॉड लिहीत नाही, मुलगा खेळतो म्हणून इथे वाचते. त्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. एका मॉडमध्ये बॅटरीवर एकच दिवा होता, भरली की हिरवा, संपत आली की लाल. तो मला स्वयंपाकघरातून हाक मारायचा, 'आई, आता कुठला रंग आहे?' पोळी तव्यावर ठेवून मी सांगायला जायची. तेव्हा अंगावर दाखवा किंवा आकड्यात दाखवा, पण नुसत्या रंगावर सोडू नका एवढी विनंती.

सुदामानगर१५

काकू, बरं झालं सांगितलंत. माझ्या खाचेत उंची बदलते, पण शेवटची पायरी मी फक्त लाल केली होती, उंची तीच. आज रात्रीच बदलते.

निवृत्त_उपकेंद्र

माझी सारी नोकरी वीज उपकेंद्रात गेली. नातवामुळे हा खेळ कळला. तुमचा वाद वाचून मला वाटतं की दोघंही दुय्यम गोष्टीवर भांडताय.

आमच्या पॅनेलवर दिवेही असत आणि काटेही असत. रात्रपाळीत मी दोन्हीकडे बघायचो, पण काटा कुठे आहे यापेक्षा तो कुठे चाललाय हे आधी बघायचो. उपकेंद्रातल्या बॅटरीचं तसंच. किती उरलंय हे कळून उपयोग काय, जर ती भरतेय की उतरतेय हेच माहीत नसेल?

पहिल्या पोस्टमधल्या सहा बॅटऱ्याच घ्या. समजा आकडा दिसला असता: चौथीत १,००,०००, पाचवीत ०. केबल तुटल्यावर कळलं असतं, पण पाचवी पूर्ण कोरडी झाल्यावर. त्याऐवजी 'आवक ०, जावक ४० प्रति टिक' असं दिसलं असतं तर? ४० गुणिले २० म्हणजे सेकंदाला ८०० एफई. भरलेली बॅटरी १२५ सेकंदांत संपते. यंत्र थांबायच्या दोन मिनिटं आधी तुमच्या हातात बातमी असती.

मुलांनो, साठा दाखवता तसा प्रवाह दाखवा. माझं एवढंच मागणं आहे.

सर्व्हर_सांभाळतो

काका, मागणं रास्त आहे, पण ते बाहेरचा मॉड देऊ शकत नाही. फोर्जच्या ऊर्जा इंटरफेसमध्ये सहाच गोष्टी आहेत: घे, दे, किती आहे, कमाल किती, घेता येतं का, देता येतं का. प्रवाह त्यात नाही. तो ब्लॉक लिहिणाऱ्यानेच मोजायचा.

राजेंद्रनगर_मॉडर

काका, तुमचं वाचून काल रात्री बसलो. ऊर्जा आत घेणाऱ्या फंक्शनमध्ये बेरीज ठेवली, दर टिकला शून्य केली. सोलर २० देतो हे मला पक्कं माहीत होतं, पण आवक ४० दिसायची.

तासभर डोकं खाजवलं. केबल आधी नुसतं विचारते, 'एवढी मावेल का?' आणि मग खरोखर देते. दोन्ही वेळा तेच फंक्शन, फक्त पहिल्या वेळी सिम्युलेट (नुसती चाचणी, ऊर्जा हलवायची नाही) हा पर्याय खरा असतो. मी दोन्ही मोजत होतो. सिम्युलेट असेल तर बेरीज करायची नाही अशी एक ओळ घातली आणि २० आले.

दुसरं, काही जनित्रं दर टिकला देत नाहीत, थांबून एकदम ओततात. आकडा ०, ०, ०, ४००, ० असा नाचतो, वाचताच येत नाही. आता मागच्या २० टिकची सरासरी दाखवतो.

पण एक सांगतो, प्रवाह हाही आकडाच आहे. खाच भरताना बघून '४० प्रति टिक' कळणार नाही. म्हणजे काकांमुळे माझी बाजू पक्की झाली.

सुदामानगर१५

नाही झाली! भरतेय की उतरतेय, एवढंच काकांना आधी हवं होतं. 'काटा कुठे चाललाय' हे त्यांचेच शब्द. त्याला वर किंवा खाली बघणारा एक बाण पुरतो, खाचेशेजारी. तीन अवस्था: वर, खाली, स्थिर. आकारावरून कळतो, रंग लागत नाही, काकूंच्या मुलालाही चालेल. आणि बाण क्वचितच बदलतो, त्यामुळे सर्व्हरवालेही रागावणार नाहीत.

ज्याला १२५ सेकंदांचा हिशेब करायचाय त्याने खिडकी उघडावी. खिडकी त्यासाठीच असते.

हो, आणि खिडकीतला आकडा तरी खरा दाखव, दादा. तुझा ब्लॉक मी परवा १.१८ च्या जुन्या जगात लावून बघितला. ४०,००० भरली आणि खिडकीत उणे २५,५३६ आले.

सर्व्हर_सांभाळतो

हा जुना सापळा आहे. खिडकी उघडी असताना आकडे पोहोचवण्याची मूळ खेळाची जी सोय आहे ती १६ बिटांची आहे. भट्टीच्या बाणापुरती ठीक. ३२,७६७ च्या पुढे गेलात की उलटते. आकड्याचे दोन तुकडे करून दोन खणांत पाठवा आणि पलीकडे जोडा, किंवा स्वतःचा पॅकेट (सर्व्हरचा निरोप) लिहा.

आणि इंटरफेसमधला साठाही ३२ बिटांचा पूर्णांकच आहे, २,१४,७४,८३,६४७ च्या वर सांगता येत नाही. मेकॅनिझम या मॉडचा इंडक्शन मॅट्रिक्स (प्रचंड बॅटरी) त्याहून कितीतरी जास्त साठवतो, म्हणून त्यांना चौकटीत दाखवायची आपली वेगळी सोय करावी लागली. फोर्जऐवजी फॅब्रिक वापरणाऱ्यांनी टीम रिबॉर्नच्या ऊर्जा लायब्ररीत लाँग (६४ बिटांचा पूर्णांक) घेतला, ते बरं केलं. राजेंद्रनगर, तुझा 'पूर्ण आकडा' प्रत्येक ब्लॉकवर पूर्ण असेलच असं नाही.

राजेंद्रनगर_मॉडर

उणे २५,५३६ ची चूक माझीच. १.१८ च्या फाइलीत दोन तुकडे करायचे राहिले होते, आता केले.

बाण घेतो. खरंच चांगली कल्पना आहे, सहा पायऱ्यांच्या खाचेसकट घेतो. पण नजरेच्या चौकटीतून आकडा काढणार नाही, सुदामानगर. खिडकी उघडली की खेळाडूचे हात अडकतात, आणि मागून क्रीपर (फुटणारा राक्षस) आला तर तो वाट बघत नाही.

एक प्रश्न उरलाय. चौकटीत जागा कमी, म्हणून मोठे आकडे मी आखडून लिहितो. आतापर्यंत '१.२ एम' लिहायचो. आता '१२ लाख' लिहावं म्हणतो, आपल्या मुलांना पटकन कळतं. जावाची नेहमीची आकडे मांडणारी पद्धत स्वल्पविराम तीन-तीनवरच देते, लाखाची मांडणी तिला जमत नाही, म्हणून ते स्वतः लिहिलंय.

निवृत्त_उपकेंद्र

लाख लिहा. नातू 'एम' वाचून मला विचारतो, 'आजोबा, म्हणजे मीटर का?'

सुदामानगर१५

लाखाला माझाही विरोध नाही. चौकटीला आहे. शनिवारी नवीन फाइल दे, मी चौकट बंद करून नुसत्या खाचेवर आणि बाणावर तुझी खाण चालवून दाखवते. सहापैकी कुठली केबल तोडायची ते तूच ठरव आणि मला सांगू नकोस.