‘हिप हिप हुर्रे’ म्हणे आपल्या सगळ्यांची! माझी तरी नव्हती

काळी_माती (धागाकर्ती)

नव्वदीतल्या मालिकांवरची एक पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं, की ‘हिप हिप हुर्रे’ म्हणजे आपल्या सगळ्यांचं शाळेतलं आयुष्य, जसंच्या तसं. आणि ज्यांना ती आठवत नाही त्यांचं बालपण फुकट गेलं. गप्प बसायचा प्रयत्न केला, पण ते ‘सगळ्यांचं’ डोक्यातून जाईना.

१९९८ मध्ये झी टीव्हीवर मालिका सुरू झाली तेव्हा मी नववीत होते, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. शेजारी केबल होतं, तिथे दाराजवळ बसून बघायचे. मझहर, किरण, राघव, जॉन सगळे आवडायचे. दिग्दर्शिका नुपूर अस्थानांनी ती पोरं खरी उभी केली होती, यात वाद नाही. पण आमच्या वर्गात मुलींचे बाक खिडकीकडे, मुलांचे भिंतीकडे. मुलाकडे पट्टी मागितली तरी संध्याकाळी घरी चौकशी.

आणि मुख्य मुद्दा हा की मालिकेतल्या डिनोबिली हायस्कूलमधली ती मुलं अकरावी-बारावीच्या वयाची, तरी गणवेशात, त्याच शाळेत, त्याच मित्रांबरोबर. राज्य मंडळात शिकलेल्यांनी सांगावं, कुणाची बारावी अशी गेली? आपली शाळा दहावीला संपते. निरोप समारंभ, स्लॅमबुकं, रडारड, आणि निकालाच्या दिवशी टक्के बघून कंपू फुटतो. त्यांची गोष्ट जिथे रंगात येते, तिथे आमची मोडलेली असते. ती मोडतोड एकाही मालिकेने नीट दाखवली नाही.

ठाणेकर_मूळचा

काळी_माती ताई, साफ असहमत. मालिका म्हणजे जनगणना नव्हे, की प्रत्येक तालुक्याची नोंद हवी.

त्या वेळी दुसरं होतं काय? अल्फा मराठी (आताचं झी मराठी) १९९९ च्या पंधरा ऑगस्टला आलं. तोवर मराठी मुलांनी मराठी दूरदर्शन बघावं नाहीतर हिंदी. सोनीवरची ‘जस्ट मोहब्बत’ होती, पण ती एकट्या जयची गोष्ट. अख्खा कंपू, त्यांची भांडणं, परीक्षेची धास्ती, प्रेमात पडून तोंडघशी पडणं, हे सगळं मुलांच्या नजरेतून ‘हिप हिप हुर्रे’ने दाखवलं. मग जुलै २००० मध्ये ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ आली आणि बघता बघता सगळीकडे सासवा-सुना बसल्या.

मी चाळीतला, मराठी माध्यमाचा. जिवलग मित्राशी क्रिकेटवरून फाटलं होतं, महिनोन्महिने बोलत नव्हतो. या मालिकेतली पोरं भांडायची आणि कुणीतरी जाऊन आधी बोलायचं. आपल्यात तसं करायची पद्धत नव्हती; ‘तो येईल तर बोलेन’ हाच खाक्या. मी गेलो त्याच्या दारात. आजही तो माझा सगळ्यात जवळचा मित्र आहे. आता सांगा, ही मालिका माझी नव्हती?

अकरावी_पीडित

थोडं अवांतर, पण ‘टक्के बघून कंपू फुटतो’ वाचून राहवलं नाही. आमच्या वेळी, २००९ ला, राज्य मंडळाच्या मुलांना अकरावीत ९० टक्के जागा आणि बाकीच्या मंडळांना १०, असा निर्णय सरकारने काढला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि याद्या लांबल्या. त्यात ऑनलाइन प्रवेशाचं मुंबईतलं पहिलंच वर्ष. आम्ही मित्रांनी एकच कॉलेज मिळावं म्हणून पसंतीक्रम एकत्र बसून भरला होता. एक अंधेरीला, एक कल्याणला, मी तिसरीकडेच. मैत्री तुटायला भांडण लागत नाही, गुणवत्ता यादी पुरते.

मास्तर_निवृत्त

चर्चा भलतीकडे चालली आहे, पण माहिती नीट हवी. कोठारी आयोगाने (१९६४-६६) दोन वर्षांचा उच्च माध्यमिक टप्पा शाळांकडे असावा असंच सुचवलं होतं. आपल्याकडे तो बराचसा महाविद्यालयांना जोडला गेला. तरी अनेक शाळांना कनिष्ठ महाविद्यालय आहे. मी स्वतः अशाच संस्थेत अकरावी-बारावीला शिकवलं. तेव्हा ‘आपली शाळा दहावीला संपते’ हे विधान सरसकट करू नये.

काळी_माती

सर, जोडून असतं हो, पण दहावीची पोरं तिथेच राहतात का? निम्मी सायन्ससाठी शहरात जातात, काही आयटीआयला. आणि तुमच्या संस्थेत अकरावीला हजेरी किती असायची? प्रवेश एकीकडे आणि शिकणं क्लासमध्ये, हे तुम्हाला आम्ही सांगायचं?

मास्तर_निवृत्त

हजेरीचा टोमणा अनावश्यक होता. रिकाम्या वर्गासमोर उभं राहणं काय असतं ते मला विचारा. पालक क्लासची फी भरून मोकळे व्हायचे आणि दोष आमच्या माथी.

भीमाकाठ

अहो, तुम्ही सगळे दहावीनंतर कंपू फुटला म्हणून गळे काढताय. माझ्यासाठी अकरावी म्हणजे सुटका होती. शाळेत दोन वेण्या, रिबिनी आणि बाईंचा सतत पहारा. कॉलेजला एसटीचा पास काढला आणि पहिल्यांदा घरापासून लांब, स्वतःच्या मर्जीने कुणाशी तरी बोलले. माझ्या खऱ्या मैत्रिणी एसटी स्टँडवर झाल्या. तोच वर्ग आणि तीच पोरं बारावीपर्यंत असती तर मी नववीत जी होते तीच राहिले असते. वर्गातली ‘मुकी’.

ठाणेकर_मूळचा

बघा! म्हणजे धागाकर्तीचंही ‘आमचं’ सगळ्यांचं नाहीच. एकीला मोडतोड, दुसरीला सुटका. मग डिनोबिलीवरच राग का?

काळी_माती

भीमाकाठ, तुला पास मिळाला आणि घरच्यांनी जाऊ दिलं, म्हणून तुला सुटका वाटली.

आमचा पाच जणींचा कंपू होता. डबा एकत्र, अभ्यास एकीच्या माळवदावर. दहावीला सगळ्यात जास्त गुण जिला मिळाले, तिचं लग्न त्याच उन्हाळ्यात ठरलं. कॉलेज वीस किलोमीटरवर, शेवटची गाडी संध्याकाळी, ‘पोरीची जात, कोण नेआण करणार’. पेढे वाटायला ती आमच्याकडे आली तेव्हा माझ्या आईने विचारलं, कुठली शाखा घेणार? ती पेढ्यांचा डबा उघडत राहिली, बोललीच नाही. लग्न ठरलंय हे तोवर आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आणखी दोघी वर्षभरात घरी बसल्या. शाळा गावातच बारावीपर्यंत असती तर निदान दोन वर्षं मिळाली असती की नाही? ठाणेकर, म्हणून मला ते ‘सगळ्यांचं’ झोंबतं. राग मालिकेवर नाही.

भीमाकाठ

हे आधी लिहायचंस. माझ्याही वर्गात अशा होत्या. तरी माझी अकरावी मला सुटकाच वाटली, ते काही मी मागे घेणार नाही.

ठाणेकर_मूळचा

ठीक आहे. ‘सगळ्यांचं’ हा शब्द त्या पोस्टवाल्याने गाळायला हवा होता, एवढं मान्य. त्यापुढे एक पाऊल नाही. आणि झोडायचंच असेल तर २००४ च्या स्टार वनवरच्या ‘रीमिक्स’ला झोडा. अर्जेंटिनाच्या ‘रेबेल्दे वे’वरून घेतलेली, श्रीमंतांची मौर्य हायस्कूल. तिच्यापुढे डिनोबिलीची पोरं शेजारची वाटतात.

अकरावी_पीडित

‘रीमिक्स’ला हात लावू नका, ती आमची होती! आणि मराठीत काय झालं ते सांगा. २०१५ ला ‘दिल दोस्ती दुनियादारी’ आली, छानच होती, पण ती मुंबईत एका घरात राहणारी मोठी मुलं. शाळेतल्या, दहावी-अकरावीच्या पोरांची रोजची मालिका आपल्याकडे का होत नाही?

काळी_माती

यावर मात्र पूर्ण सहमत. लिहिणाऱ्यांनी एकदा तालुक्याच्या स्टँडवर सकाळी सातला उभं राहावं. नव्या दप्तराची पोरं गाडीत चढत असतात, आणि कालपर्यंत त्यांच्याच बाकावर बसणारी एखादी त्याच वेळी पलीकडून हंडा घेऊन जात असते. दोघी एकमेकींकडे बघायचं टाळतात. पहिला भाग तिथूनच सुरू करा.

मास्तर_निवृत्त

आणि दुसऱ्या भागात रिकामा वर्गही दाखवा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नववी ते बारावी हा एकच टप्पा धरला आहे. पण त्यासाठी गावात वर्गखोल्या आणि शिक्षक कुठून आणणार, याचं उत्तर द्या कुणीतरी. धागाकर्तींनीच द्यावं, हजेरी त्यांनीच काढली होती.