एम.एस्सी.ला सेल बायॉलॉजी आणि मायक्रोस्कोपी घ्यावं का?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. मी कराडची. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी नुकतंच संपलं. एम.एस्सी.साठी दोन ठिकाणी नाव लागलंय. एक नेहमीची बायोटेक्नॉलॉजी, घरापासून एस.टी.ने दीड तास. दुसरीकडे सेल बायॉलॉजी मुख्य विषय, आणि तिसऱ्या सत्रापासून प्रगत मायक्रोस्कोपीचा वेगळा पेपर आणि त्यातच प्रकल्प. ते लांब आहे, वसतिगृहात राहावं लागेल आणि फीही बरीच जास्त.

मन दुसरीकडे ओढतंय. कारण सांगितलं तर हसाल. एस.वाय.ला असताना घरच्या विरजणाचा काचेवर पातळ थर (स्मिअर) देऊन ग्रॅम स्टेन, म्हणजे जिवाणू रंगवायची पद्धत, केला होता. आमच्या लॅबमधले मायक्रोस्कोप आरशाचे, खिडकीकडे तोंड करून बसायचं, ढग आला की प्रॅक्टिकल थांबलं. त्या दिवशी ऊन चांगलं होतं. १०० एक्सखाली जांभळ्या काड्या दिसल्या आणि मी आईला फोन करून सांगितलं की आपल्या दह्यात हे आहे.

भीती दोन गोष्टींची. फिजिक्स बारावीनंतर सुटलं. आणि बाबा विचारतात, "भिंगातून बघायला दोन वर्षं आणि एवढी फी?" माहितीपत्रकावर कॉन्फोकलचा, म्हणजे लेझरवाल्या मायक्रोस्कोपचा, मोठ्ठा फोटो आहे, पण त्यावरून काय ठरवायचं ते कळत नाही. गुरुवारपर्यंत फी भरायची आहे. जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

स्पष्टवक्ता

वडिलांचा प्रश्न बरोबर आहे. नुसती मायक्रोस्कोपी येते म्हणून नोकरी देणाऱ्या जागा मोजक्या. संशोधन संस्थांमधल्या इमेजिंगच्या जागा बऱ्याचदा कंत्राटी, दर वर्षी मुदतवाढीची वाट बघायची. मायक्रोस्कोप विकणाऱ्या कंपन्या ॲप्लिकेशनसाठी माणसं घेतात, पण त्यात महिन्याचे पंधरा दिवस बॅग घेऊन फिरावं लागतं. पीएच.डी. करायची नसेल तर बायोटेक घ्या आणि घरचं खा.

भिंगवाली

स्पष्टवक्ता यांच्या नोकरीच्या मुद्द्याला +१, निष्कर्षाला नाही. मी त्याच कंत्राटी जमातीतली. २०१५ मध्ये एम.एस्सी. झाले, आता एका इमेजिंग फॅसिलिटीत, म्हणजे सगळ्यांनी वापरायच्या मायक्रोस्कोपांच्या केंद्रात आहे. दिवसाला चार-पाच विद्यार्थी माझ्या शेजारी बसून मशीन वापरतात, त्यामुळे कुठला कोर्स मुलांना काय शिकवून पाठवतो हे मला आयतंच बघायला मिळतं. तुला अगं-तुगं करते, चालेल ना?

आधी माझी फजिती सांगते, कारण हा विषय म्हणजे काय ते मला तिच्यातूनच कळलं.

माझ्या प्रकल्पात दोन प्रथिनं पेशीत एकत्र असतात का, हे बघायचं होतं. एकाला हिरवा रंग, दुसऱ्याला लाल. दोन्ही एका जागी आले की पडद्यावर पिवळं दिसतं. मला तासाचा स्लॉट मिळायचा, म्हणून वेळ वाचवायला मी दोन्ही लेझर एकदम चालवायचे. आणि काय सांगू, पिवळेच पिवळे ठिपके! चार महिने मी ते मोजले, आलेख काढले, पोस्टर छापायला टाकलं. सरांनी पोस्टर बघितलं आणि एवढंच विचारलं, "फक्त हिरवा लावलेली स्लाईड कुठे आहे?" ती मी कधी केलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी केली. लाल रंग थेंबभरही न घालता लालच्या डिटेक्टरमध्ये सगळे ठिपके जसेच्या तसे. हिरव्या रंगाचा प्रकाश ५२० नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त असतो खरा, पण त्याची शेपटी पार ६००च्या पुढे जाते, आणि ती शेपटीच मी दुसरं प्रथिन म्हणून मोजत बसले होते. चार महिने पाण्यात.

बरं, रंग गळला नसता तरी त्या पिवळ्याचा अर्थ मी लावत होते तो नव्हताच. एर्न्स्ट आबेने १८७३ मध्ये सांगून ठेवलंय की प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला किती बारीक दिसेल याला मर्यादा आहे: तरंगलांबी भागिले लेन्सच्या न्यूमेरिकल अपर्चरची (लेन्स किती तिरके किरण गोळा करते त्याच्या आकड्याची) दुप्पट. चांगली १.४ची ऑईल लेन्स आणि ५२०चा प्रकाश धर, म्हणजे साधारण १८५ नॅनोमीटर. साधं प्रथिन असतं पाचेक नॅनोमीटरचं. म्हणजे तुझ्या एका पिवळ्या ठिपक्यात शेकडो प्रथिनं मावतात. दोघं एकाच एस.टी.त बसलेत एवढंच त्यातून कळतं. त्यांची ओळख आहे की नाही, हे एस.टी. लांबून बघून कसं कळणार? ते बघायचं तर फ्रेटसारखी पद्धत लागते (एक रंग आपली ऊर्जा शेजारच्या रंगाला देतो का ते बघणारी), जी दहा नॅनोमीटरच्या आतच चालते, म्हणजे खांद्याला खांदा लागलेला असेल तरच.

आता फिजिक्स. लागतं, पण तुला वाटतं तसं नाही. सुपर-रिझोल्यूशनचंच बघ, म्हणजे आबेच्या मर्यादेपलीकडे बघणं, ज्यासाठी बेट्झिग, हेल आणि मोर्नर यांना २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हेलच्या स्टेडमध्ये एक लेझर रंगाला चमकवतो आणि त्याच्यावर दुसरा, मेदूवड्याच्या आकाराचा लेझर पडतो, जो कडेकडेची चमक विझवून टाकतो. उरतं ते वड्याच्या भोकातलं. बेट्झिगची तऱ्हा वेगळी. समोरच्या इमारतीतले सगळे दिवे एकदम लागले तर लांबून उजेडाचा एक गोळा दिसतो, पण एका वेळी दोन-चार खिडक्याच लुकलुकल्या तर प्रत्येकीची जागा वहीत मांडता येते. हजारो वेळा मांडलीस की इमारतीचा नकाशा तयार. हे कळायला गणितातलं पहिलं पारितोषिक लागत नाही. प्रकल्पाला मात्र स्टेड मिळेल या आशेवर राहू नकोस.

रोजचं काम याहून फार गद्य असतं. आम्हाला पहिले दोन आठवडे लेझरच्या खोलीत पाऊलही ठेवू दिलं नव्हतं. जुना साधा मायक्रोस्कोप, आणि त्यावर कोहलरची प्रकाशयोजना, म्हणजे सगळीकडे सारखा उजेड पडेल अशी मांडणी, जमवायची. फील्ड डायफ्राम बारीक करा, कंडेन्सर वरखाली करून त्याची कड धारदार आणा, मधोमध आणा, मग उघडा. १८९३ ची पद्धत. मला तीन दुपारी लागल्या आणि मी मनात शिव्या घातल्या. आज माझ्याकडे पीएच.डी.ची मुलं येतात, त्यांना लेझरची शक्ती किती टक्के ठेवायची ते येतं, पण लेन्सच्या अंगावर ०.१७ का कोरलंय ते सांगता येत नाही. (कव्हरस्लिपची जाडी, मिलिमीटरमध्ये. कॉलेजच्या डबीतली बहुतेक पातळ निघते आणि मग "मशीन खराब आहे" अशी तक्रार माझ्याकडे येते.) ४० एक्सच्या कोरड्या लेन्सला तेल लावून ठेवणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, हा सभ्य लोकांचा धागा आहे.

आणि पेशी. सेल बायॉलॉजीवाल्यांचा खरा फायदा इथे. डॅपीने केंद्रक निळं रंगवलं की केंद्रकाबाहेर बारीक निळ्या चांदण्या दिसल्या, तर ज्याला नुसतं मशीन येतं तो म्हणतो, पार्श्वभूमी जास्त आहे. पेशी वाढवलेल्या मुलीच्या पोटात गोळा येतो, कारण तो मायकोप्लाझ्मा, म्हणजे वाढवलेल्या पेशींना लागणारा बारीक जिवाणू, असू शकतो, आणि मग सगळ्या फ्लास्कांवर संशय.

तेव्हा माहितीपत्रकावरचा फोटो विसर. तो कंपनीच्या कॅटलॉगातलाही असू शकतो. फोन कर, पण ऑफिसात नको, तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या कुणाला तरी गाठ. विचार की विद्यार्थी मशीनवर स्वतः बसतात, की ऑपरेटर बसतो आणि मुलं मागे उभी राहून वहीत आकृती काढतात? स्लॉट स्वतःच्या नावावर मिळतो का? मशीनचा देखभालीचा करार चालू आहे का, आणि सगळे लेझर जिवंत आहेत का? पेशी स्वतः वाढवायच्या, की रंगवलेल्या स्लाईडी हातात मिळतात? आणि चित्रांचं मोजमाप शिकवतात का? हे शेवटचं नसेल तर मोठी उणीव समज. नोकरीच्या बाबतीत स्पष्टवक्ता ज्याला विसरले ते हेच आहे. औषध कंपन्यांत हजारो बारीक खळग्यांच्या (वेल्सच्या) प्लेटांचे फोटो मशीनच काढतं. माणूस हवा असतो तो त्यातून आकडा काढणारा.

तोवर रिकामी बसू नकोस. चित्रांचं मोजमाप करायचं फिजी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आज रात्री उतरवून घे. ह्यूमन प्रोटीन ॲटलसच्या साईटवर रंगवलेल्या पेशींची चित्रं खुली आहेत, एखादं फिजीत उघड, त्यातले रंग वेगळे कर (स्प्लिट चॅनल्स) आणि रंगसारणीत हाय-लो निवड. जिथे लाल दिसेल तिथला आकडा कमाल मर्यादेला टेकलाय, म्हणजे तो भरवशाचा नाही. कितीही सुंदर दिसो.

निवृत्त मास्तर

भिंगवालीताईंचा प्रतिसाद आवडला. मेदूवडा वर्गात वापरला असता, उशीर झाला.

कोयनाकाठ, फिजिक्सची भीती घालवायला एक स्वस्त प्रयोग सांगतो. केमिस्टकडून ग्लिसरीन आणा. एका लहान काचेच्या ग्लासात ओता. त्यात बोरोसिलिकेटची परीक्षानळी बुडवा आणि नळीच्या आतही ग्लिसरीन भरा. बुडालेला भाग दिसेनासा होतो. दोघांचा अपवर्तनांक १.४७ च्या जवळपास, त्यामुळे प्रकाशाला मध्ये काच आली हे कळतच नाही. १०० एक्सच्या लेन्सला तेल लावतो तेही याच कारणाने. तेल आणि काच दोन्ही १.५२ च्या आसपास. मध्ये हवा राहिली तर तिरके किरण कव्हरस्लिपमधून बाहेर पडताना वाकून निसटतात, आणि बारीक तपशील त्या तिरक्या किरणांतच असतो. आमच्या वेळी देवदाराचं तेल असायचं. पुसलं नाही तर वाळून लेन्सवर राळ बसायची आणि शिपाईमामा ओरडायचे.

कोयनाकाठ

ताई, मास्तर, स्पष्टवक्ता, सगळ्यांचे आभार. ताई, अगं-तुगं चालेल काय, धावेल.

आज फोन केला. ऑफिसातले म्हणाले, "मशीन आहे, सगळं आहे." मग वसतिगृहातून एका सीनियरचा नंबर मिळाला. ती म्हणाली, दोन वेळा ट्रेनिंग घेऊन एक छोटी परीक्षा होते, मग स्वतः बसता येतं. दिवसाचे स्लॉट पीएच.डी.वाल्यांचे, एम.एस्सी.ला रात्री आठनंतर. पेशी स्वतःच्या स्वतः वाढवायच्या, रविवारीसुद्धा माध्यम (पेशींचं खाद्य) बदलायला जावं लागतं. मोजमापाचा अर्धा पेपर आहे. पण ४०५ नॅनोमीटरचा लेझर दिवाळीपासून बंद आहे. हे वाईट का?

भिंगवाली

रात्री आठनंतर म्हणजे उत्तम. मागून खाकरणारं कोणी नसतं.

४०५ बंद म्हणजे कॉन्फोकलवर डॅपी दिसणार नाही, एवढंच. केंद्रकासाठी ड्रॅक-५ घ्यायचा, तो लांबच्या लाल लेझरवर चालतो. डॅपीच हवा असेल तर शेजारच्या दिव्याच्या साध्या फ्लुओरोसन्स मायक्रोस्कोपवर बघायचं. हिरव्या रंगाला चमकवणारा ४८८ बंद असता तर मी वेगळं बोलले असते. खरी गोष्ट ही की त्या मुलीला कुठला लेझर कधीपासून बंद आहे हे माहीत आहे. जिथे मुलांना हात लावू देत नाहीत, तिथे हे कुणालाच माहीत नसतं.

मी असते तर गेले असते. फीचं गणित मात्र घरी बसून नीट कर, कर्ज काढावं लागत असेल तर माझ्या उत्साहावर जाऊ नकोस.

स्पष्टवक्ता

रविवारी माध्यम बदलायला लावतात म्हणजे कोर्स बरा दिसतोय. माझं म्हणणं अर्धं मागे.

कोयनाकाठ

कर्ज नाही, आजीची एक ठेव मोडतोय. बाबा अजून पूर्ण हो म्हणालेले नाहीत.

काल मास्तरांचा प्रयोग केला. केमिस्टकडे ग्लिसरीनच्या चार बाटल्या मागितल्या तर तो म्हणाला, ओठ फुटलेत काय घरातल्या सगळ्यांचे? परीक्षानळी कॉलेजच्या लॅबमधून मागून आणली. बाबा पेपर वाचत होते. नळी ग्लासात सोडली, आत ग्लिसरीन ओतलं आणि बुडालेला भाग गेला. बाबांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला, परत घातला. मग बोट घालून नळी चाचपून बघितली. हात पुसायचा राहिला आणि पेपरला चिकट डाग.

नंतर जेवताना एकदम म्हणाले, "पण तुमच्या त्या मशीनला तेल दर वेळी पुसावं लागत असेल ना?"