मदत हवी आहे: दारावर येणाऱ्या सेल्समनना कसं टाळायचं?

आम्ही कोथरूडला जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो, वॉचमन नाही, दुपारी आई एकटीच असते. परवा दोन मुलं "पाणी फ्री चेक करतो काकू" म्हणत आत शिरली, दोन ग्लासांत पाणी, एकात नळाचं, एकात त्यांच्या बाटलीतलं, त्यात लोखंडी सळ्यांचं ते प्लगवालं यंत्र बुडवलं आणि नळाच्या पाण्यावर मिनिटभरात चहासारखा तपकिरी थर आला! आई घाबरली, त्यांच्या पाणी शुद्ध करायच्या मशीनसाठी दोन हजार अॅडव्हान्स देऊन बसली.

मी रात्री वाचलं तर ती घाण पाण्यातली नसतेच, नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून करंट जातो आणि सळईचंच लोखंड सुटतं, त्यांच्या बाटलीतल्या आरओच्या, म्हणजे फिल्टर मशीनच्या, पाण्यात क्षार जवळजवळ नसतात म्हणून ते स्वच्छ दिसतं. शाळेत हेच शिकलो होतो, तेव्हा उपयोग कळला नव्हता :)

आता प्रश्न असे की पावतीवर नुसता मोबाईल नंबर आहे आणि तो उचलत नाहीत, तर १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाईनवर, तक्रार करून कोणाचे पैसे परत आलेत का? २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांत ओळखपत्र आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय घरी यायचं नाही असं आहे, ते अशा लोकांना लागू होतं का?

आणि मुख्य म्हणजे आईला "नको" म्हणायला कसं शिकवू? उन्हातून आलेल्याला ती आधी पाणीच विचारते हो.