घरांच्या जाहिरातींसाठी नकाशा : लीफलेट, मॅपलिब्र की गूगल?

घरशोध
जागांच्या खरेदी-विक्रीचं संकेतस्थळ नव्यानं बांधतोय. चालू जाहिराती सुमारे 12,000, डेटाबेस पोस्टग्रेस. नकाशावर किमतीचे मार्कर (जागा दाखवणाऱ्या खुणा) हवेत, नकाशा सरकवला की बाजूची यादी बदलावी, आणि ग्राहकाला बोटानं हद्द आखून तेवढ्यातलीच घरं बघता यावीत. पत्ते नुसत्या मजकुरात आहेत, अक्षांश-रेखांश नाहीत. लीफलेट आणि मॅपलिब्र या ब्राउझरमध्ये नकाशा दाखवणाऱ्या मुक्त लायब्ररी बघितल्या. लीफलेटवर सगळे मार्कर एकदम टाकले तर मोबाइलवर नकाशा अडकतो. लीफलेटच ठेवावं, मॅपलिब्र घ्यावं, की सरळ गूगल?

टाइलकर
हे तीन वेगळे निर्णय आहेत: नकाशा दाखवणारी लायब्ररी, टाइल (ज्यांतून नकाशा जुळतो ते चौकोनी तुकडे) कुठून आणायच्या, आणि पत्त्याचे अक्षांश-रेखांश कुठून काढायचे. लायब्ररी नंतर बदलता येते. तिसऱ्यात चूक झाली तर सगळा डेटाच बाद होतो, म्हणून सुरुवात तिथून करा.

गूगलच्या सर्वसाधारण अटींनुसार जिओकोडिंगमधून (पत्त्यावरून जागा शोधण्यातून) मिळालेले अक्षांश-रेखांश 30 दिवसांपर्यंतच साठवता येतात (प्लेस आयडी, म्हणजे जागेचा गूगलमधला ओळख-संकेत, मात्र कायम ठेवता येतो), आणि ते दुसऱ्या कुणाच्या नकाशावर दाखवता येत नाहीत. म्हणजे जिओकोडिंग गूगलचं आणि नकाशा मॅपलिब्रचा, ही जोडी जमत नाही. नॉमिनॅटिम या मुक्त जिओकोडरच्या सार्वजनिक सर्व्हरवर सेकंदाला जास्तीत जास्त एक विनंती चालते, आणि टाइप करता करता पत्ते सुचवण्यासाठी तो वापरायला मनाई आहे. 12,000 पत्त्यांसाठी स्वतःचा नॉमिनॅटिम उभारा, नाहीतर निकाल कायम साठवू देणारी सशुल्क सेवा घ्या. तरीही बरेच पत्ते रस्त्याच्या किंवा वस्तीच्या मधोमध पडतील. जाहिरात भरतानाच नकाशा दाखवून मालकाला पिन सरकवू द्या. तो बिंदू सगळ्यात अचूक, शिवाय तुमच्या मालकीचा. जिओकोडरनं बिंदू कोणत्या पातळीवर दिला (इमारत, रस्ता की परिसर) हेही वेगळ्या रकान्यात ठेवा.

टाइलबद्दल एवढंच: ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशाचा स्वतःचा टाइल सर्व्हर देणग्यांवर चालतो, वर्दळीच्या व्यावसायिक संकेतस्थळाचा भार त्यावर टाकू नका. टाइल सेवा विकत घ्या, किंवा हव्या त्या प्रदेशाची पीएमटाइल्स फाइल स्वतःच्या साठवणीवर ठेवा. ती एकच फाइल असते आणि ब्राउझर रेंज विनंतीनं (फाइलचा ठरावीक भागच मागून) लागेल तेवढाच तुकडा उचलतो, म्हणून सर्व्हर रेंज विनंत्या मानतो ना, ते आधी तपासा. दोन्हीकडे ओपनस्ट्रीटमॅपचा श्रेयउल्लेख नकाशावर दिसलाच पाहिजे.

लायब्ररी म्हणाल तर तुमच्या कामाला मॅपलिब्र. मॅपबॉक्स या नकाशा-कंपनीनं डिसेंबर 2020 मध्ये आपल्या लायब्ररीचा परवाना दुसऱ्या आवृत्तीपासून बदलला, तेव्हा पहिल्या आवृत्तीच्या मुक्त कोडवरून हा प्रकल्प निघाला. लीफलेटचा मार्कर हा पानावरचा स्वतंत्र घटक असतो, त्यामुळे काही शेकड्यांनंतर मोबाइल दमतो. मॅपलिब्रमध्ये बिंदूंचा थर वेबजीएलवर (ग्राफिक्स चिपच्या मदतीनं) रंगतो, 12,000 सहज पेलतात. पण तिथेही प्रत्येक घरासाठी ‘मार्कर’ हा वर्ग वापरलात तर पुन्हा पानावरचेच घटक तयार होतात. किमती सिंबल थरातच (मजकूर आणि चिन्हांच्या थरात) लिहा. लेबलं देवनागरीत हवी असतील तर जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट उमटतात का, ते निवडलेल्या आवृत्तीत आधी बघा. जुन्या आवृत्त्यांत ती मोडतात.

बिंदूवाला
वरच्याशी सहमत. क्लस्टरिंगमध्ये (जवळचे बिंदू एका वर्तुळात गोळा करण्यात) एक जागा हमखास फसवते: थराला फिल्टर लावला तरी क्लस्टरमधला आकडा बदलत नाही, कारण क्लस्टर थराला डेटा पुरवणाऱ्या स्रोतातच बनलेले असतात. ‘दोन बेडरूम’ निवडल्यावर वर्तुळात 40 आणि आत घरं 6, असं दिसतं. गाळून उरलेला डेटा सेटडेटा या फंक्शननं पुन्हा स्रोतात द्या.

डेटाही हलका ठेवा. पूर्ण जिओजेसनमध्ये (नकाशाच्या डेटाचा मजकुरी साचा) एका बिंदूला 120 बाइटच्या आसपास लागतात, म्हणजे 12,000 चे जवळजवळ दीड एमबी. आयडी, रेखांश, अक्षांश, किंमत असा साधा अ‍ॅरे पाठवून ब्राउझरमध्ये जिओजेसन केलंत तर तिसऱ्या हिश्शात काम होतं. दशांशाची पाच स्थळं पुरेत, तेवढ्यात मीटरभराची अचूकता मिळते. जिओजेसनमध्ये रेखांश आधी येतो, लीफलेटमध्ये अक्षांश. घरं समुद्रात दिसली की पहिली शंका हीच घ्या.

यादीसाठी पोस्टजीआयएस, म्हणजे पोस्टग्रेसची नकाशाच्या डेटासाठीची जोड: 4326 चा (साध्या अक्षांश-रेखांशांचा) बिंदू रकाना, त्यावर जिस्ट इंडेक्स (जागेनुसार शोधाचा), आणि शोध नकाशाच्या चौकटीनं. अट लिहिताना त्या रकान्यावरच एसटी_ट्रान्सफॉर्म (निर्देशांकांची पद्धत बदलणारं फंक्शन) लावलात तर साधा इंडेक्स वापरलाच जात नाही. चौकटीचे निर्देशांक बदला, रकान्याचे नको. विनंती मूव्हएंडवर (नकाशा थांबल्याच्या इव्हेंटवर), 250-300 मिलिसेकंद थांबून पाठवा आणि आधीची अपुरी विनंती रद्द करा, नाहीतर उशिरा आलेलं जुनं उत्तर नव्या यादीवर बसतं. यादी आल्यावर फिटबाउंड्स केलंत (नकाशा कोडनं घरांवर बसवलात) तर पुन्हा मूव्हएंड येतो आणि चक्र सुरू होतं. मॅपलिब्रमध्ये कोडनं केलेल्या हालचालीला ओरिजिनलइव्हेंट (वापरणाऱ्याच्या मूळ क्रियेची नोंद) नसतो, त्यावरून ओळखा.

घरशोध
दोघांचेही आभार. दोन शंका. एकाच इमारतीतले पाच फ्लॅट कितीही झूम केलं तरी सुटे होत नाहीत. आणि काही मालकांना नेमका पत्ता दाखवायचा नाही.

टाइलकर
तंतोतंत एकच बिंदू असेल तर झूमनं काही होणार नाही. इमारतीनुसार गट सर्व्हरवरच करा, मार्करवर ‘5 घरं’ लिहा आणि टिचकी मारली की छोटी यादी उघडा.

पत्ता लपवायचा तर बिंदू सर्व्हरवर सरकवा. खरा बिंदू ब्राउझरला जाताच कामा नये, नाहीतर नेटवर्क टॅबमध्ये कुणालाही वाचता येतो. दर वेळी नवं यादृच्छिक अंतर देऊ नका. पुन्हा पुन्हा पान उघडून सरासरी काढली की खरी जागा सापडते. अंतर एकदाच ठरवून साठवा, दीडशे-दोनशे मीटर ठेवा, आणि पिनेऐवजी वर्तुळ दाखवा. हद्दीतला शोधही या सरकवलेल्या बिंदूवरच चालवा. खऱ्यावर चालवलात तर छोट्या छोट्या हद्दी आखत कुणीही घरापर्यंत पोचेल.

बिंदूवाला
हद्द आखायला टेरा ड्रॉ ही लायब्ररी बघा, लीफलेट, मॅपलिब्र, गूगल तिघांवर चालतं. बोटानं आखताना नकाशाचं सरकणं बंद ठेवा. रेघेत शेकडो बिंदू येतात, टर्फ या लायब्ररीतल्या सिम्प्लिफायनं कमी करा. रेघ स्वतःलाच छेदत असेल तर सर्व्हरवर आधी एसटी_मेकव्हॅलिडनं आकार दुरुस्त करा आणि मगच एसटी_इंटरसेक्ट्सनं हद्दीतली घरं शोधा.